कल्ले नसलेली मासोळी

वणीच्या मच्छीबाजारात लालीबाईकडून मासोळी घेणारं गिऱ्हाईक मासोळीकडे पाहत नसे, लालीबाईकडे पाहत असे. ती टोपल्यातून रोहू उचलायची, अंगठ्यानं त्याचा कल्ला वर करायची, नाकाशी नेऊन एक लांब श्वास ओढायची आणि मान हलवायची. एवढं झालं की गिऱ्हाईक निमूट पिशवी पुढे करी. तीस वर्षांत तिनं कुणाच्या घरी शिळा माल जाऊ दिला नाही, असं सारा बाजार सांगे. तिला स्वतःला सांगायची गरजच पडत नसे. शेजारच्या बायका ओरडून ओरडून घसा कोरडा करत, आणि ही मात्र पावशीच्या, म्हणजे विळीच्या, पाटावर पाय रोवून गप बसलेली असे.

तर गोष्ट अशी, की त्या लांब श्वासात गेली चार वर्षं काहीच नव्हतं. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत लालीबाईला ताप आला. ताप उतरला, महिनाभरानं चवही थोडीफार परत आली, वास मात्र गेला तो गेलाच. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. तिनं उदबत्ती नाकाशी धरून पाहिली, कांदा चेचून पाहिला, एकदा तर फिनेलच्या बाटलीत नाक घातलं. काही नाही. कुणाला सांगायचीही सोय नव्हती. मच्छीवालीला वास येत नाही म्हटल्यावर तिच्याकडून मच्छी घेणार कोण? मग तिनं डोळ्यांवर आणि बोटांवर काम भागवलं. कल्ला लाल पाहिजे, डोळा चकचकीत पाहिजे, बोटानं दाबलेलं मांस लगेच वर आलं पाहिजे. नाकाशी नेण्याचं नाटक तिनं सोडलं नाही, कारण लोकांना तेच पाहायचं असे. घरी फोडणी ती कानानं करायची. दूध करपलं की टीव्हीच्या नादात राहिले म्हणायची, आणि तिचा मुलगा कपिल हसून सोडून द्यायचा.

कपिल कोळशाच्या ट्रकवर ड्रायव्हर. त्याची बायको खुशी, तिला पाचवा महिना लागला होता. पोरीचं रक्त कमी होतं, अन्न अंगी लागत नव्हतं, आणि ओकाऱ्या काही थांबत नव्हत्या. तिला सगळ्याचाच वास येई. साबणाचा येई, भाताच्या वाफेचा येई, कपिलच्या शर्टाचा तर दारातूनच येई. एकाच घरात एकीला काहीच वास येत नव्हता आणि दुसरीला नको तेवढा येत होता. लालीबाईला या गोष्टीचं मनातून हसू येई, आणि मग वाईटही वाटे.

खुशीची मोठी बहीण सुरभी नागपूरला दवाखान्यात नर्स. तिनं मे महिन्यात बहिणीसाठी सॅल्मन नावाची मच्छी पाठवली. ही मच्छी खाल्ली की बाळाचा मेंदू तल्लख होतो, असं तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिला सांगितलं होतं. थर्माकोलच्या डब्यात बर्फ भरून तिनं तो डबा सकाळच्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरजवळ दिला. गाडी जांबच्या पुढे बंद पडली. अकराला यायची ती चारला आली. लालीबाईनं स्टँडवरून डबा आणून ओट्यावर उघडला, तेव्हा आत बर्फ नव्हता, कोमट पाणी होतं, आणि त्या पाण्यात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला एक नारिंगी तुकडा होता.

लालीबाईनं तो तुकडा उलटा केला, सुलटा केला. "याचं डोस्कं कुठी हाय वं?"

"हे असंच येते आई, साफ करून. काटाबी नसते म्हणे याच्यात," खुशी म्हणाली.

डोकं नाही म्हणजे डोळा नाही. कल्ले नाहीत, खवले नाहीत, कातडीसुद्धा नाही. तीस वर्षांत लालीबाईच्या हाताखालून हजारो मासोळ्या गेल्या असतील, पण जिला पारखायला काहीच जागा नाही अशी ही पहिलीच. तिनं बोट दाबून पाहिलं. खड्डा पडला तो तसाच राहिला. रोहूचं असं झालं असतं तर तिनं तो कुत्र्यालाही घातला नसता; पण ही मच्छी चरबीची, मऊ, परमुलखातली. हिचा स्वभावच असा असेल तर?

खुशी दोन पावलं मागे सरकली होती. "आई, वास येऊन राह्यला नं याले?"

हाताला सवय वाईट. लालीबाईनं तुकडा नाकाशी नेला, लांब श्वास ओढला आणि मान हलवली.

"समुद्रातली हाय ते. तिले समुद्राचा वास राहते. तुले तं भाताचाबी वास येते, तुह्या नाकाचं काय धरून बसतं?"

लालीबाईनं जन्मात समुद्र पाहिलेला नव्हता. पण खुशीचा आपल्या नाकावरचा भरवसा गेल्या काही महिन्यांत पार उडाला होता. जो तो तिला हेच सांगत होता. तिनं सुरभीनं पाठवलेला व्हिडिओ मोबाईलवर लावला. त्यातली एक हसरी पोरगी हिंदीत सांगत होती की सगळं दहा मिनिटांत होतं.

झालंही तसंच. लालीबाईनं पावशीवर तुकड्याच्या सुपारीएवढ्या फोडी केल्या. लिंबू पिळलं, मीठ लावलं. व्हिडिओतली पोरगी नुसती मिरपूड भुरभुरवत होती. लालीबाईला ते काही पटलं नाही, तिनं हळद, तिखट आणि ठेचलेला लसूण चोळला, वरून तांदळाचं पीठ लावलं. पॅनमध्ये चमचाभरच तेल टाकलं, आणि फोडी पडल्या तसं त्यांचंच तेल सुटून चुरचुर वाढली. ती कान देऊन उभी राहिली. चुरचुर बारीक झाली की उलटायच्या, एवढं तिला कळत होतं. रोहूनं एवढ्या वेळात रंगसुद्धा बदलला नसता. या फोडी दोन्ही बाजूंनी लाल होऊन ताटलीत आल्या. दिसायला देखण्या होत्या, त्यात वाद नाही.

"खाय गरम गरम," लालीबाई म्हणाली.

खुशीनं ओढणीचं टोक नाकाला लावलं. डोळे मिटले. कडू औषध घ्यावं तसा श्वास धरून तिनं एक फोड उचलली आणि तोंडाकडे नेली.

लालीबाई समोर उभी होती, आणि ती ओढणीकडे पाहतच राहिली. पोरगी खुळी नव्हती. तिला वास येत होता. येत असूनही ती खायला निघाली होती, कारण सासूनं मान हलवली होती. पोटातलं लेकरूही त्याच मानेवर विसंबून होतं. तिनं खुशीचं मनगट धरलं.

"नको खाऊ."

"काहून आई? तुम्हीच तं म्हनलं चांगली हाय."

"मले मालूम नाही चांगली हाय का नाही." लालीबाईनं मनगट सोडलं नाही. "मले वासच येत नाही खुशी. कोरोनापासून येत नाही."

खुशीच्या हातातली फोड ताटलीत पडली. तेवढ्यात बाहेर कपिलची गाडी थांबली. त्यानं दारातच नाकावर रुमाल धरला.

"काय सडलं वं आई घरात? गल्लीपर्यंत वास येऊन राह्यला!"

लालीबाईनं ताटली त्याच्या हातात दिली.

कपिलनं परसात खड्डा करून ती मच्छी पुरली. पॅन दोनदा घासला. जेवताना मग लालीबाईनं त्याला नाकाचं सगळं सांगितलं. कपिल रागावला नाही, आणि तेच तिला जास्त लागलं.

"झालं ते झालं. आता बाजारात सांगत नको बसू," तो म्हणाला.

"मी येत जाईन नं सकाळी," खुशी म्हणाली. "माल उतरला का मी वास घेऊन सांगीन. कोणाले कायले कळते?"

साबणाच्या वासानं ओकणारी पोर मच्छीबाजारात येऊन बसायला निघाली होती. लालीबाईला भरून आलं. पण तिच्या डोळ्यांपुढून ती ओढणी हलेना. चार वर्षांत किती घरांत कुणी कुणी असाच श्वास धरून घास घेतला असेल? मागच्या पावसाळ्यात हमीदाची लेक मुस्कान जुलाब-ओकाऱ्यांनी चार दिवस सलाईनवर होती. हमीदा लालीबाईचं वीस वर्षांपासूनचं गिऱ्हाईक. पाणी खराब झालं असेल, असं जो तो म्हणत होता. लालीबाईही म्हणाली होती. आपणच ते सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत मोठ्यानं म्हणालो होतो, हे तिला आज आठवलं, आणि तिनं ताट बाजूला सरकवलं.

सकाळी ती बाजारात एकटीच गेली. माल उतरवून घेतला, नेहमीसारखे कल्ले पाहिले, डोळे पाहिले, बोटांनी दाबून पाहिलं, चांगल्या मासोळ्या टोपल्यात लावल्या. नऊच्या सुमारास हमीदा आली. उन्हामुळे तिनं तोंडाला स्कार्फ गुंडाळलेला, डोळे तेवढे उघडे.

"तीन रोहू दे लालीबाई. अच्छेवाले."

लालीबाईनं एक उचलला. हात सवयीनं नाकाकडे निघाला, अर्ध्यात थांबला आणि हमीदाकडे वळला.

"तुम्ही घ्या वास."

हमीदा हसली. "मी कायले? तू घेतला म्हणजे झालं."

"मले वास येत नाही हमीदाभाभी. चार वर्षं झाले. नुसतं नाटक करतो मी."

शेजारच्या टोपल्यावरचं ओरडणं थांबलं. हमीदाचं हसू डोळ्यांतून गेलेलं लालीबाईला स्पष्ट दिसलं.

"मुस्कान बिमार होती, तवाबी?"

"तवाबी."

हमीदानं हातातली पिशवी चुरगाळली. ती आता पिशवी गुंडाळून निघून जाईल, असं लालीबाईला वाटलं. गेली असती तर बरं झालं असतं, असंही वाटलं. पण हमीदानं स्कार्फची गाठ सोडली. खाली वाकून तिनं पहिला रोहू हुंगला.

"हा दे."

दुसरा हुंगला. "हा दे."

तिसऱ्यावर ती जरा जास्त वेळ थांबली. मग तिनं तोंड बाजूला फिरवलं आणि स्कार्फ पुन्हा नाकावर घेतला.

"हा नको."

लालीबाईनं तो रोहू हातात घेतला. अंगठ्यानं कल्ला वर केला. कल्ला लालभडक होता, आणि डोळाही चकचकीत होता; याच खुणांवर तिनं चार वर्षं माल विकला होता.