वाफ न धरलेली काच

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आमच्या पलटणीची पोस्टिंग उत्तरेला, बर्फात झाली. मी लान्स नाईक राऊत, वायरलेस ऑपरेटर. गाव वसईतलं राजोडी, घरची केळीची आणि फुलांची वाडी. डोळ्यांना नंबर नोकरीतच लागला. मेडिकलने दोन चष्मे दिले आणि वर धाडलं.

वसईत चष्म्यावर वाफ धरते ती भाताच्या टोपाची. सदऱ्याच्या टोकाने पुसली की झालं. वर तसं नव्हतं. तोंडावर लोकरी टोपी ओढली की श्वास नाकाच्या बाजूने वर यायचा, काचेवर बसायचा आणि तिथेच गोठायचा. खरवडायला जावं तर चरे. बंकरमध्ये बुखारी, रॉकेलची शेगडी, पेटलेली, आत शिरलो की काच पार पांढरी. हातभरावरचा माणूस ओळखू येईना. मी चिडचिडा झालो. जेवताना, सेटवर बोलतानासुद्धा बोटं सारखी चष्म्याकडे जायची.

पोस्टवर हवालदार शेलार होते, भोरकडचे. आम्ही त्यांना उस्ताद म्हणायचो.

"राऊत, सेट तू कानाने चालवशील. संत्री ड्युटी, पहारा, कशाने करणार?"

"दिसतच नाही, उस्ताद."

"मग आधी ते बघू."

आम्ही टूथपेस्ट लावून पाहिली. ती गोठून खडू झाली. रॉकेलचा बोळा फिरवला तर काचेवर रंगीत चट्टे उठले. शेवटी दाढीचा साबण कामी आला. काच कोरडी करायची, दोन्ही बाजूंनी कोरडा साबण घासायचा आणि मऊ कापडाने नितळ होईतो पुसायचा. पाणी लावायचं नाही. शेलारांनी जुन्या कांबळ्याची पट्टी कापली आणि माझ्या टोपीला आतून, नाकाच्या वर, शिवून दिली. त्यामुळे श्वास खाली वळला. आणि बंकरमध्ये शिरताना चष्मा बाहेरच, दाराजवळच्या खोबणीत. गार काच गारच राहू द्यायची.

"श्वास खाली सोडायचा. उसासा टाकायचा नाही."

"घरची आठवण आली तर?"

"तर चष्मा काढून टाक."

एका सकाळी शेलार तीन जवानांना घेऊन खालच्या डंपवर रॉकेल आणि रेशन आणायला गेले. एक छोटा सेट त्यांच्याजवळ, दुसरा एका जवानाजवळ. बर्फाच्या लखलखाटाने पहाऱ्यावरच्या जवानाचे डोळे सुजले होते, म्हणून पाठीवर सेट घेऊन मी त्याच्या जागी उभा राहिलो. दुपारी वारा पडला. तिथे वारा कधी पडत नसे. मला एका जागी उभं राहवेना. मी पुन्हा पुन्हा दुर्बीण लावत होतो.

पार्टी खालून येताना दिसली. मध्ये एक नाला ओलांडायचा होता. शेलार पुढे, मागे अंतर ठेवून तिघे. ते अर्ध्यावर असताना नाल्याच्या डोक्यावर मला एक निळसर रेघ दिसली. सकाळी ती नव्हती. बघता बघता ती लांबत गेली.

"पार्टी, हॉल्ट. वर भेग आहे. मागे खडकाकडे फिरा. ओव्हर."

"वाढतेय का? ओव्हर."

"वाढतेय. लवकर फिरा. ओव्हर."

शेलारांनी मान वर केली नाही. हाताने मागे इशारा केला. बोजे खाली पडले. दोघे खडकाकडे धावले. तिसरा, शिपाई जाधव, मांडीपर्यंत रुतला होता. शेलार परत फिरले, त्याला काखेत धरून उपसलं आणि खडकाच्या दिशेने ढकललं. त्या जोरात ते स्वतः फिरले आणि कमरेपर्यंत खचले, तोंड माझ्याकडे, पाठ खडकाकडे.

"जाधव पोचला का? ओव्हर."

"पोचला. उस्ताद, तुम्ही निघा."

"रॉजर."

मग बर्फ आलं. आवाज नंतर आला.

ते शेवटचे जिथे दिसले ती जागा नजरेतून जाऊ द्यायची नव्हती. आता सगळं पांढरं सपाट झालं होतं. मी त्या जागेवरून डोळा हलवला नाही. श्वास खाली सोडत राहिलो. काच स्वच्छ होती. सेटवरून तिघांना डावीकडे, उजवीकडे सांगत तिथवर नेलं. ते खणत होते आणि मी बोलत होतो. शेलार सापडले तिथेच, उजेड असतानाच. पण जीव राहिला नव्हता.

सुटीवर आलो तेव्हा कळलं, शेलारवहिनी नायगावला भावाकडे राहायला आल्यात. खाडीकडच्या नव्या बिल्डिंगमध्ये. इतक्या जवळ, तरी मी जाणं टाळत होतो. वाडीतल्या बावखलाच्या तळ्याभोवती नुसत्या येरझाऱ्या. शेवटी आई म्हणाली, "पानी भरतोस का तिथं? जा त्या बाईकडं एकदा."

गेलो. वहिनींनी चहा ठेवला. बशीला हातही न लावता समोर बसल्या.

"भाऊजी, सगळे म्हणतात काही कळायच्या आत गेले. तुम्ही पाहिलंत?"

"पाहिलं, वहिनी."

"मग सांगा. काही गाळू नका."

मी सांगितलं. जाधवचं ऐकताना त्यांनी पदर मुठीत धरला.

"रॉजर म्हणजे काय हो?"

"ऐकलं. समजलं."

"म्हणजे तो वाचला, हे यांना कळलं होतं."

"कळलं होतं."

त्यांनी मुठीतला पदर सोडला. मग आतल्या खोलीकडे वळून हाक मारली, "दादा, बाहेर ये. हे तूही ऐक."

भाऊ येऊन बसला. हवालदार शेलार त्या सकाळी पोस्टवरून कसे निघाले, तिथपासून मी पुन्हा सांगायला लागलो.