मामांचा फेटा माझ्या डोक्यावर

निमंत्रणाविना लग्नास जाताना एक तत्त्व पाळावे: वधूपक्षाला आपण वरपक्षाचे वाटावे आणि वरपक्षाला वधूपक्षाचे. इस्तरीचा पांढरा सदरा आणि चेहऱ्यावर किंचित नाराजी, एवढे पुरते. नाराज माणसाला लग्नात कोणी ‘आपण कोण?’ असे विचारत नाही. उलट सरबत आणून देतात.

गंगाखेडला आम्हा शिक्षकांचे प्रशिक्षण होते. जेवण म्हणून तिथे गार पोहे होते आणि शेजारच्या मंगल कार्यालयातून वांग्याच्या भाजीचा वास येत होता. मी आणि माझे एक सहकारी कर्तव्यबुद्धीने तिकडे वळलो.

माझी नाराजी त्या दिवशी प्रमाणाबाहेर उत्तम साधली असावी. वधूपित्याने धावत येऊन मला पुढच्या खुर्चीवर बसवले आणि फेटेवाल्याकडून गुलाबी फेटा बांधवला.

“सर, आता पळता येणार न्हाई,” सहकारी पुटपुटले.

थोड्याच वेळात मांडव थबकला. नवरदेवाचे मामा पाठीशी उभे राहिल्याविना मंगलाष्टके सुरू होत नाहीत, आणि ते तर फेटा न मिळाल्याने बाहेर जीपमध्ये जाऊन बसले होते. फेटे संपले होते. शेवटचा माझ्या डोक्यावर होता. आत मुलगी हार धरून ताटकळत होती आणि तिचा बाप जीपपाशी हात जोडून उभा होता. मी बाहेर जीपपाशी गेलो आणि फेटा काढून पुढे केला.

“दुसऱ्याच्या डोस्क्यावरचा घालू व्हय?” मामा कडाडले. “आन् ह्यो कोण एवढा मोठा सोयरा, माझ्याआधी बांधला त्याला?”

“तुमच्याकडचेच हायत की,” वधूपिता म्हणाला.

“आमच्याकडचे? आमी तर तुमचे समजायलोत!” वरपिता म्हणाला.

प्रश्न विचारला गेला होता. अचूक उत्तर देणे भाग होते.

“मी कोणाकडचाच नाही. शिक्षक आहे. प्रशिक्षणातून जेवायला आलो.”

मागोमाग आलेले सहकारी फाटकाकडे सरकले.

“म्हंजी सोयरा न्हाई?” मामांनी विचारले.

“नाही.”

“भावकीतला?”

“नाही.”

मामांचा चेहरा उजळला. मान-अपमान सोयऱ्यांत मोजला जातो. फुकट जेवणारा त्या मापात बसत नाही. माझ्या जागी त्यांचे साडू असते, तर लग्न मोडले असते.

“मंग आदी सांगायचं न्हाई का, मास्तर! बांध रे त्यो फेटा!”

फेटेवाल्याने तो सोडून नव्याने बांधला. मामा पाठीशी उभे राहिले, अक्षता पडल्या.

पंगतीत वधूपित्याने माझ्या पानावर बुंदीचा ढीग घातला. मी हात आडवा धरला, तर तो म्हणाला, “गुमान खा, मास्तर. अख्ख्या मांडवात तुमी एकलेच हाव, ज्याला रुसायचा हक न्हाई.”