पाण्याचा फोटो

आमच्याकडं एक्स-रेलासुद्धा फोटोच म्हणतात. "छातीचा फोटो काढायला सांगितलाय," "गुडघ्याचा फोटो चांगला येऊ द्या बाई," असं म्हणत माणसं माझ्या खोलीत येतात. कराडशेजारच्या मलकापूरच्या एका दवाखान्यात मी एक्स-रे काढते. आमच्या कामात फोटो चांगला येणं आणि हाड चांगलं असणं यांचा एकमेकांशी संबंध नसतो. एकदा स्क्रीनवर नडगीच्या हाडाचे दोन तुकडे इतके स्वच्छ दिसले, की माझ्या तोंडून "छान आलाय" निघून गेलं. टेबलावर झोपलेले आजोबा कण्हत म्हणाले, "आवं बाई, माजा पाय मोडलाय आन तुमी छान म्हंताय व्हय?" मी ओशाळले. पण फोटो खरंच छान होता.

एवढं रोजचं असूनही घरच्या माणसाचा फोटो हातात आला तेव्हा मी ते पार विसरले.

कॅमेरा मी घेतला तो चाळिशी ओलांडल्यावर. रविवारी सकाळी कराडला एका निवृत्त सुभेदारांच्या ओसरीवर आम्ही चार-पाच जण जमायचो. सुभेदारांची नदीकाठी उसाची शेती, पण फौजेतली सगळी नोकरी फोटो विभागात गेलेली. त्यांची पद्धत साधी होती. प्रत्येकानं एक फोटो छापून आणायचा, टेबलावर ठेवायचा आणि बाकीच्यांचं बोलून होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. फोटोतलं माणूस कोण, जागा कुठली, काही सांगायचं नाही. औषधांचं दुकान चालवणाऱ्या एक बाई यायच्या. त्यांनी नातवाचा फोटो आणला आणि आम्ही सगळे "किती गोड बाळ" म्हणायला लागलो, तेव्हा सुभेदार म्हणाले, "बाळ गोडच हाय. आता फोटोचं बोला." बाई दोन रविवार रुसल्या होत्या. मला तेव्हा हसू आलं होतं.

मग आमच्या वस्तीवर पाणी आलं.

माझं माहेर आटपाडीच्या बाजूचं. आबा, म्हणजे माझे वडील, जन्मभर मेंढरांमागं हिंडले. दिवाळी झाली की कळप घेऊन नदीच्या मुलखाकडं जायचं, बागायतदारांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची आणि पावसाळ्याच्या तोंडाला परतायचं. अलीकडं मात्र वय झाल्यानं थोडकी मेंढरं राखून ते वर्षभर वस्तीवरच असायचे. आमच्याकडं पाणी म्हणजे टँकर, आणि टँकर म्हणजे भांडण. वस्तीजवळून कॅनॉल खोदला त्याला कित्येक वर्षं झाली होती. त्यात पोरं क्रिकेट खेळायची, दुपारी शेरडं सावलीला बसायची. तो कोरडाच असतो, अशी सगळ्यांची समजूत झाली होती.

एके दिवशी भावाचा फोन आला. "ताई, पाणी सुटलंय. उद्या सकाळी आपल्या हद्दीत येतंय म्हंत्यात."

मी रजा टाकून गेले. सगळी वस्ती कॅनॉलच्या भरावावर उभी होती. आबांची थोरली बहीण, माझी आत्या, हातात हळदीकुंकवाचं ताट घेऊन सगळ्यांच्या पुढं. बराच वेळ काहीच नव्हतं. मग वाळक्या पाचोळ्यातून कुणी चालत यावं तसा आवाज यायला लागला, आणि वळणावरून पाणी दिसलं.

मला वाटलं होतं लाट येईल. आलं ते एक मळकट, फेसाळ, रुंद जिभेसारखं काहीतरी. पुढं बाभळीच्या शेंगा, काटक्या, एक तुटकी चप्पल ढकलत ते येत होतं. त्याच्याही पुढं किडे, सरडे जीव घेऊन पळत होते. कोरड्या तळावर ते थबकायचं, भेगांतून आत उतरायचं, आणि भेग भरली की पुन्हा पुढं सरकायचं. आत्याच्या हातातलं ताट तसंच राहिलं. आबा भरावावरून खाली उतरले आणि पाण्याच्या तोंडाबरोबर चालायला लागले. ते थांबलं की थांबायचे, ते निघालं की निघायचे. नुकतं पायावर उभं राहिलेलं कोकरू असतं ना, त्याच्या चालीनं आपण चालतो, तसं. शेजारच्या वस्तीच्या हद्दीपर्यंत ते तसेच गेले.

मी सारखे फोटो काढत होते. डोळे भरून येत होते आणि तरी काढत होते.

त्यातला एक निवडला. आबा, त्यांच्या पायाशी पाणी, मागं कोरडा कॅनॉल. रविवारी तो टेबलावर ठेवला. मला खात्री होती, सगळे गप्प होतील.

गप्प झालेच. मग औषधवाल्या बाई चाचरत म्हणाल्या, "गटाराचं काम चाललंय का कुठं?"

दुसरे एक जण म्हणाले, "मागचा विजेचा खांब त्यांच्या डोक्यातनं उगवल्यासारखा दिसतोय."

माझ्याच्यानं राहवलं नाही. नियम मोडून मी सगळं सांगितलं. टँकर, मेंढरं, आबांचं चालणं. बाईंनी माझा हात धरला. सुभेदारांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमी सांगितलं तवा माज्या अंगावर काटा आला. पर त्यो तुमच्या बोलण्यानं आला, फोटोनं न्हाई. ह्यो फोटो जितं जितं जाईल तितं तितं तुमाला संगं जाता येणार हाय का?"

त्यांनी फोटो उचलून माझ्यासमोर धरला.

"तुमच्या दवाखान्यात पेशंट लय रडला म्हणून त्याचा फोटो चांगला येतो का, ताई?"

हा प्रश्न मला फार लागला. कारण त्याचं उत्तर मला माहीत होतं.

तो फोटो मी फ्रेम करून माहेरी दिला. आबांनी तो देवांच्या शेजारी लावला. येणारा-जाणारा बघायचा आणि म्हणायचा, "व्हय की, त्योच दिस!" तिथं त्या फोटोसोबत जाऊन कुणी काही सांगायची गरज नव्हती. बघणारा प्रत्येक जण त्या दिवशी भरावावर उभा होता.

मी मात्र हट्टाला पेटले. ज्यानं आमची वस्ती कधी पाहिली नाही, त्यालाही ते वाटलं पाहिजे. उन्हाळ्यात पुन्हा पाणी सुटलं की मी जायचे. पाण्याचे झळाळते फोटो काढले, भेगांचे काढले, आत्याच्या सुरकुतलेल्या ओंजळीचा काढला. टेबलावर ठेवले की लोक म्हणायचे, "छान आहे." तेवढंच.

पुढच्या वर्षी कॅनॉलचं पाणी पहिल्यांदाच वस्तीखालच्या ओढ्यात सोडलं. त्या ओढ्याचं कोरडं पात्र ओलांडून मेंढरं रोज घरी यायची. संध्याकाळी आबा कळपामागून येतील, पाण्यात हात घालतील, तो फोटो मला हवा होता. ऊन कलतं होतं. मी पाण्याच्या अलीकडं गुडघ्यांवर बसून राहिले. समोरून मेंढरं धुरळा उडवत आली आणि काठाशी येऊन सगळी एकदम थांबली. मला आबा दिसेनात. "आबा, त्यांना बाजूला घ्या की!" मी ओरडले. मागून नुसता आवाज आला, "ऐकत न्हाईत गं!" वैतागून मी एक फोटो काढला. तेवढ्यात मेंढरं उधळली आणि आबा हात न घालताच त्यांच्या मागं पळाले.

घरी येऊन फोटो बघताना तो मी दोनदा पुढं ढकलला. माझ्या कामाचा नव्हता. त्यात आबा नव्हते, पाणी तर नव्हतंच, ते चौकटीच्या खाली राहिलं होतं. तिसऱ्यांदा समोर आला तेव्हा, कशानं कोण जाणे, एखाद्या अनोळखी पेशंटची प्लेट बघावी तसा मी तो बघितला. आणि बघतच राहिले.

मेंढरांची सगळी तोंडं एका ओळीत थांबली होती, कुणी रेघ मारून दिल्यासारखी. कान पुढं, नाकपुड्या फुगलेल्या. पाण्यावरून उलटलेलं ऊन खालून त्यांच्या हनुवट्यांवर आणि डोळ्यांत पडलं होतं, हलत्या जाळीसारखं. मागं धुरळा सोन्यासारखा उभा, आणि त्यात काठी घेतलेली एक अंधुक आकृती, तीही थांबलेली. ती आबांची होती हे फक्त मला माहीत होतं. माझ्या हातून हे झालंय, यावर माझा विश्वास बसेना. मी काढला म्हणण्यापेक्षा तो माझ्यासमोर आला होता आणि मी वैतागले होते.

रविवारी तो टेबलावर ठेवला. औषधवाल्या बाई खुर्चीतून पुढं झुकल्या. "काय बघतायत ही?" त्या हळूच म्हणाल्या. सुभेदार उठले, चष्मा काढून फोटोच्या अगदी जवळ गेले, मग लांब जाऊन भिंतीला टेकून उभे राहिले. शेवटी ते म्हणाले, "कुणाचा हाय त्यो? हात वर करा." मी हात वर केला. त्यांनी मला कडक सलाम ठोकला. थट्टेतला नव्हता तो.

साताऱ्याला एका प्रदर्शनात तो फोटो लागला. भाऊ गाडी करून आबांना आणि आत्याला घेऊन आला. आबा नवा फेटा बांधून आले होते. फोटोसमोर उभे राहून त्यांनी खालून वरपर्यंत तो तपासला.

"ह्यात पाणी कुठं हाय?"

"ते खाली राहिलं, आबा."

"मंग कॅमेरा जरा खाली करायचा की गं. घरातला बरा हाय ह्याच्यापरास."

आत्या म्हणाली, "म्हातारा कळपातली मेंढरं वळखत बसलाय नुसता."

तेवढ्यात कॉलेजातल्या दोन मुली आल्या. मघापासून त्या बोलत, हसत एकेक फोटो मागं टाकत येत होत्या. इथं त्या थांबल्या आणि त्यांचं बोलणंच बंद पडलं. थोड्या वेळानं एक कुजबुजली, "काय असेल गं तिथं? सगळी कशी एकदम थांबलीत."

आबांनी मान वळवली. "पाणी हाय, पोरी. आमच्या वड्यात पयल्यांदाच बघत्यात ती."

त्या मुलीनं चौकटीच्या खाली, कोऱ्या भिंतीकडं पाहिलं. अगदी सहज, तिथं खरंच काही दिसेल अशा नजरेनं. आबांनी तिची नजर पाहिली, आणि मग त्यांनीही फोटोकडं पुन्हा पाहिलं. आता ते मेंढरं ओळखत नव्हते.

नंतर आम्ही बाकीचे फोटो बघत फिरलो. सुरुवातीला आबा प्रत्येक फोटोपाशी विचारत होते, "हे कोण? कुठलं गाव?" मग विचारणं थांबलं. एका कोपऱ्यात कुणाच्या तरी घराच्या उंबऱ्याचा फोटो होता. नुकती पुसलेली फरशी, उघडं दार, आणि दारातून आत आलेलं सकाळचं ऊन. बाकी काही नाही. आम्ही पुढं गेलो, आत्याला पाय दुखतात म्हणून बाकावर बसवलं, तरी आबा येईनात. मागं वळून बघितलं तर ते तिथंच, दोन्ही हात काठीवर ठेवून उभे.

आत्या बाकावरून उठून त्यांच्यापाशी गेली. "काय हाय रं त्यात एवढं? वळखीचं घर हाय का?"

"न्हाई गं आक्का."

"मंग?"

आबांनी तिला जागा देत थोडं सरकून घेतलं. "काय न्हाई. पर तू जरा बघ की."

आत्यानं पदर सावरला आणि ती त्यांच्या शेजारी उभी राहिली. ओल्या फरशीवरच्या त्या उन्हाकडं दोघं बघत होती. भाऊ गाडीची चावी वाजवत होता. मी त्याला खूण करून थांबवलं.