ऐकण्याची खोली

सव्वीस वर्षं माझ्या वहिनीने कारखान्यातल्या यंत्रांना कान लावला. अगदी शब्दशः. लोखंडी सळईचं एक टोक यंत्रावर टेकवायचं, दुसरं कानाशी धरायचं आणि डोळे मिटायचे. ती सांगायची तिथेच बिघाड निघायचा. मग गुडघ्यांनी दगा दिला. कारखान्याचे जिने बंद झाले, नोकरी सुटली. सळई तेवढी घरी आली.

"सल्ला घरून देईन," ती म्हणाली.

"घरी बसून कान कसे विकणार?" दादाने विचारलं.

"फोनवर. भाऊजी सगळं मांडून देतायत."

भाऊजी म्हणजे मी. आतल्या खोलीत इस्त्रीच्या टेबलाचं मी ऑफिस केलं. मोडेम लोखंडी कपाटामागून काढून हॉलच्या खिडकीशी ठेवला, कारण ते कपाट सिग्नल गिळत होतं. वीज गेली तर दोन तास पुरेल अशी बॅटरी आणली, कामासाठी वेगळा नंबर घेतला. केबलसाठी भिंतीला भोक मात्र दादाने पाडू दिलं नाही. "नुकताच रंग दिलाय. आधी एक गिऱ्हाईक तर येऊ दे." म्हणून केबल दारातून आली. दार चार बोटं उघडंच राहायचं, आणि हॉलमधल्या टीव्हीवरच्या बातम्या ऑफिसात येऊन बसायच्या.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे एक कागद गिरणी. तिथला मोठा पंप थरथरत होता. बेअरिंग गेलं, असं फोरमनने ठरवूनच टाकलं होतं. ते बदलायचं तर गिरणी तीन दिवस बंद. मालक म्हणाला, आधी त्या बाईंना विचारा.

व्हिडिओ कॉल लागला. ते ॲप मी निवडलं होतं. त्यात आजूबाजूचा गोंगाट येत नाही, हे आठवडाभर मी घरात मिरवत होतो. फोरमनचा आवाज स्वच्छ आला. त्याने फोन पंपाजवळ नेला. वहिनीच्या कपाळावर आठी पडली.

"पंप बंद केलात का?"

"बंद? बाई, इथे माझे कान किटलेत."

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. "भाऊजी, मला फक्त फोरमन ऐकू येतोय. आणि बिघाड फोरमनमध्ये नाही."

ॲपच्या लेखी पंप हाच गोंगाट होता आणि ते तो इमानाने पुसत होतं. मी सेटिंग शोधायला लागलो.

"राहू द्या बाई," फोरमन म्हणाला. "मी बेअरिंग काढायला सांगतो."

"पाच मिनिटं थांबा." तिने कॉल बंद केला आणि साधा फोन लावला. "एक सळई घ्या. एक टोक पंपावर, दुसरं तुमच्या मोबाइलच्या माइकला. दोन मिनिटं रेकॉर्ड करून पाठवा. आणि तेवढा वेळ कुणी बोलू नका, तुम्हीसुद्धा."

रेकॉर्डिंग आलं. तिने हेडफोन चढवला. तेवढ्यात टीव्हीवर कुणीतरी तावातावाने भांडायला लागलं. मी उठणार, तोच टीव्ही बंद झाला. दादा दारात येऊन उभा राहिला होता.

तिने रेकॉर्डिंग तीनदा ऐकलं, डोळे मिटून. मग फोन उचलला. "बेअरिंग एका लयीत कुरकुरतं. हा खडी चाळल्यासारखा आवाज आहे. पंपाला पाणी पुरत नाहीये. पाणी आत येतं त्या पाइपाची गाळणी उघडून बघा."

"आणि गाळणी साफ निघाली तर?"

"तर माझा नंबर पुसून टाका."

पुढचा पाऊण तास आम्ही तिघं त्या खोलीत बसून होतो. दादाने दोनदा घड्याळ पाहिलं. तिने एकदाही नाही.

मग फोटो आला. गाळणीवर लगद्याचा बोटभर जाड थर. त्यामागून गाळणी साफ केल्यावरचं दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग, त्यात कुणी एक अक्षर बोललेलं नव्हतं. वहिनीने ते शेवटपर्यंत ऐकलं आणि हेडफोन काढून दादाच्या कानांवर ठेवला. बायको सव्वीस वर्षं काय ऐकत आली, हे तो पहिल्यांदाच ऐकत होता.

"नुसती घरघर आहे," तो हळूच म्हणाला. "एकसारखी."

"हं. अशीच हवी."

त्याने पूर्ण दोन मिनिटं ऐकलं. मग शेजाऱ्यांकडून ड्रिल आणलं, नव्या रंगावर पेन्सिलीने फुली मारली आणि मला म्हणाला, "केबल धर. हे दार लागायला हवं."