मोगरीच्या कपाळी शेंदूर

आमच्या वन्सं शेवंती इथल्या, मॉरिशसमधल्या माकडांच्या फार्मवर कामाला. मी तिथंच माकडांसाठी भोपळा-गाजरं चिरते. इथं वाढवलेली माकडं विमानानं अमेरिकेला जातात. तिकडं त्यांच्यावर औषधं करून बघतात.

दुसरं कुणी त्यांना पेटाऱ्यात घालायला गेलं की चावे, किंकाळ्या, नुसती घाण. वन्संनी केळं पुढं केलं की निमूट आत. "शेवंती, तू नसलीस तर जाळं टाकावं लागतं," मालक म्हणत. वन्संना वाटे, जाळ्यापेक्षा आपला हात बरा.

मोगरीला त्यांनी बाटलीनं दूध पाजून वाढवलेलं. तिची आई आधीच अमेरिकेला गेलेली. फार्मवर मोगरीचं नाव म्हणजे छातीवर गोंदलेला आकडा. मोगरी तिला वन्संच म्हणत. एका मंगळवारी तिचाही नंबर लागला.

पिंजरे धुणारी जिस्लेन म्हणाली, "काय गं शेवंती, तुझ्या देवाची फौज निघाली की! ओवाळ त्यांना!"

"ओवाळीनच. तुझ्या जिभेला काही हाड?"

"असतं तर माकडांनी केव्हाच चोखलं असतं!"

आम्ही तिघी हसलो. पण जेवणाच्या सुट्टीत वन्सं घरी गेल्या आणि अंगणातल्या लाल निशाणाखालच्या मारुतीचा शेंदूर पानात घेऊन आल्या. लांब जाणाऱ्याला रित्या कपाळानं पाठवायचं नाही, ही आमच्या घरची रीत. मोगरीला आणि तिच्यासोबत जाणाऱ्या सगळ्या माकडांना त्यांनी तेलात कालवलेल्या शेंदराचा टिळा लावला. "मारुतीराया, पोरीला जिवंत पोचव," एवढंच मागितलं. मोगरीनं त्यांचं बोट घट्ट धरलं होतं. ते सोडवून घेऊन त्यांनी केळं आत सरकवलं.

माकडं एकमेकांचं डोकं निवडतात, सापडेल ते तोंडात घालतात. वन्सं हे रोज बघत होत्या. त्या दिवशी देवापुढं ते ध्यानात राहिलं नाही, की शेंदूर पोटात गेला तर विष हेही.

पुढच्या आठवड्यात मालक आमच्याकडं आले. "सगळी गेली," म्हणाले. "पेटारे उघडले तर ओकाऱ्या, तोंडाला लाल फेस. तिकडच्या डॉक्टरांना वाटलं रक्त आहे, काहीतरी साथीचा रोग असणार. सगळ्यांना सुया देऊन मारलं, मग जाळलं."

"मोगरी?"

"सगळी म्हटलं ना."

वन्सं भिंतीला टेकल्या. "रोग नव्हता, साहेब. शेंदूर होता. मी लावला होता."

मालकांनी दार लोटून घेतलं. मग हसले. "बरं झालं, मलाच सांगितलंस. रोग म्हटलं तर विमा मिळतो. शेंदूर म्हटलं तर तू घरी आणि फार्मला कुलूप. या चिरणारीचीही भाकर जाईल. समजलं?" जाता जाता वळून म्हणाले, "उद्या पुढचे पेटारे भरायचेत. हात स्वच्छ धुऊन ये."

वन्संनी काथ्यानं बोटं घासली. नखाच्या कडेला रेघभर लाल उरलंच.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या. मी मनात म्हटलं, येऊ नका. पण चिरत राहिले. एक पिल्लू आपण होऊन त्यांच्या हातावर आलं, बोटं हुंगली आणि त्या लाल नखाला जीभ लावायला लागलं. वन्संनी हात मागं ओढला. दुसऱ्या हातानं केळं पेटाऱ्यात टाकलं. पिल्लू केळ्यामागं आत गेलं, तशी त्यांनी झडप खाली सोडली.