आईनं उपटलेली मेथी

माझा भाऊ महाबळेश्वरला टॅक्सी चालवायचा. हंगामात झोप येऊ नये म्हणून कुणीतरी दिलेल्या पांढऱ्या खड्यांची नशा त्यानं धरली आणि मग तिनंच त्याला धरलं. झोप गेली, भूक गेली, दात किडले. भिंतीपलीकडं माणसं आपल्यावर टपलीत, असं म्हणायला लागला. आम्ही पुण्यामुंबईच्या केंद्रांची चौकशी करत बसलो आणि उपचार निघाले सांगलीत, आमच्या इस्लामपूरपासून तासाभरावर. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

भावाला तिथं ठेवून घेताना डॉक्टरांनी आईला समजावलं, "हे मेथ मेंदू पोखरतं. घरात त्याचा कणसुद्धा राहू देऊ नका."

घरी आल्याआल्या आईनं उसाच्या सरीतली सगळी मेथी उपटली आणि म्हशीपुढं टाकली. डब्यातले मेथीदाणेही उकिरड्यावर गेले.

मी वैतागले. "अगं आई, मेथ म्हणजे त्याचे ते पांढरे खडे, मेथी वेगळी!"

"तुला लय कळतंय. डाक्टर काय खोटं बोलतोय व्हय?"

पुढं भाऊ बरा होऊन घरी आला. अंगावर जरा मांस चढलं होतं. आईनं ताट वाढलं, तर तो ताटाकडं बघून म्हणाला, "आई, मेथीची भाजी न्हाई केलीस? लय भूक लागलीय."

त्याच्या तोंडून 'भूक' हा शब्द आम्ही किती दिवसांनी ऐकत होतो! मला हसू आवरेना. आईनं डोळे पुसले, पदर खोचला आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "जा, शेजारच्या रानातनं एक जुडी आण. आन् डाक्टरला सांगू नगंस."