बिननावाची गोळी

जयपूरच्या विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रातल्या बेअरिंगच्या एका लहान कारखान्यात पॅकिंगला बारा बायका होत्या. बेअरिंगला ग्रीस लावायचं, कागदात गुंडाळायचं, डबीत भरायचं. त्यातल्या अकरा जणी कामावर देखरेख करणाऱ्या मुन्शीजींच्या डब्यातली गोळी खायच्या. बाराव्या अनुसयाबाई गजभिये खायच्या नाहीत.

हा डबा बिस्किटांचा होता. त्यात पाकिटातून काढून ठेवलेल्या सुट्या कॅप्सूल असत, अर्ध्या लाल, अर्ध्या पिवळ्या. कुणाला ताप येवो, दाढ दुखो, हात कापो, मुन्शीजी दोन कॅप्सूल तळहातावर ठेवत आणि कामाला लाग म्हणत. माणूस वाईट नव्हता. स्वतःला सर्दी झाली की तोही त्याच खायचा.

अनुसयाबाई मूळच्या नागपूरच्या. नवरा सुखदेव रेल्वेत फिटर, त्याची बदली झाली म्हणून जयपूरला आलेल्या. मुलगा प्रबुद्ध कॉलेजात गेल्यावर रिकामं घर त्यांना खायला उठलं, तेव्हा त्यांनी हे काम धरलं. नागपूरला असताना एकदा घसा धरला म्हणून त्यांनी जावेच्या उरलेल्या कॅप्सूलमधली एक घेतली होती. अर्ध्या तासात अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास घेता येईना. सुखदेवने रेल्वेच्या दवाखान्यात नेलं म्हणून वाचल्या. तिथल्या डॉक्टरांनी त्यांच्या कार्डावर लाल शाईने लिहून दिलं, की या जातीचं औषध हिला पुन्हा कधीही चालणार नाही, आणि प्रत्येक डॉक्टरला हे आधी सांगायचं. ते कार्ड अनुसयाबाईंच्या पिशवीत कायम असे.

कामाला लागून महिना झाला नसेल, तेव्हा पत्र्याने त्यांचं बोट कापलं. मुन्शीजींनी डबा पुढे केला. अनुसयाबाईंनी गोळीचं नाव विचारलं.

"सबको चलती है, तुमको ही क्यों नहीं चलेगी?" मुन्शीजी म्हणाले.

"इस पे नाम किधर लिखा है?" अनुसयाबाई नागपुरी हिंदीत म्हणाल्या. "बिना नाम की गोली मेरे को नहीं होना."

त्यांनी बोट साबणाने धुतलं, पट्टी बांधली आणि संध्याकाळी दवाखाना गाठला. दुसऱ्या दिवसापासून पॅकिंगच्या खोलीत सगळ्या त्यांना मेमसाब म्हणू लागल्या. त्यांनी ते मनावर घेतलं नाही. मेमसाब म्हटल्याने कुणी मरत नाही, असं त्या घरी सुखदेवला म्हणाल्या.

त्यांच्या शेजारी यमुना बसायची. जवळच्या चौमू गावाहून बसने येणारी, पंचविशीतली, कमी बोलणारी. दोन हजार सातच्या मे महिन्यात तिला लघवीला जळजळ सुरू झाली. त्याचं कारण सगळ्या बायकांना ठाऊक होतं, पण बोलत कुणी नव्हतं. बायकांचा संडास गोदामामागे, त्याला कुलूप, आणि किल्ली मुन्शीजींच्या टेबलावर. चार पुरुषांसमोर जाऊन किल्ली मागायची, आणि त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं. त्यापेक्षा बायका सकाळपासून पाणीच पीत नसत, तेही जयपूरच्या मे महिन्यात.

यमुनाने डब्यातल्या दोन कॅप्सूल घेतल्या. बरं वाटलं. पंधरा दिवसांत पुन्हा जळजळ, पुन्हा दोन. तिसऱ्या वेळी दोन घेतल्या, मग आणखी दोन, आणि काहीच फरक पडला नाही. जूनमध्ये एका दुपारी ती ग्रीसचा डबा मांडीत घेऊन थडथड कापायला लागली. अंगात फणफणून ताप, कमरेच्या एका बाजूला कळा. मुन्शीजी कॅप्सूलचा डबा घेऊन आले तेव्हा अनुसयाबाई उठून उभ्या राहिल्या. मी हिला दवाखान्यात नेते म्हणाल्या. पाळी सुटायच्या आत फाटकाबाहेर पाऊल टाकलंत तर उद्या येऊ नका, असं मुन्शीजींनी बजावलं.

"कल की बात कल," अनुसयाबाई म्हणाल्या आणि यमुनाला खांद्याला धरून रिक्षात बसवलं.

सरकारी दवाखान्यात मीनाक्षी नावाची तरुण डॉक्टरीण होती. तिने आधी कोणतं औषध घेतलं ते विचारलं. दोघींना सांगता आलं ते एवढंच, की लाल-पिवळं. मग तिने यमुनाला कुठल्या औषधाचा त्रास होतो का, पाळी कधी आली, हे विचारून घेतलं, लघवी तपासायला पाठवली आणि इंजेक्शन दिलं. दोन दिवसांनी रिपोर्ट आला. अशा लाल-पिवळ्या कॅप्सूलमध्ये बहुधा असतं ते औषध त्या जंतूंवर आता चालत नव्हतं. दोन-दोन गोळ्यांनी दुबळे जंतू मरतात, चिवट उरतात आणि तेच वाढतात, असं डॉक्टरीण म्हणाली. तिने दुसरी गोळी लिहून दिली, सात दिवस, सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर.

यमुना उठायला लागली, पण अनुसयाबाई खुर्चीवरून हलल्या नाहीत. गोळी घेतल्यावर अंगावर चट्टे आले तर काय करायचं? एखादी घ्यायची राहिली तर पुढच्या वेळी दोन घ्यायच्या का? मागे रांग होती, कुणीतरी चुळबुळ केली. डॉक्टरिणीने सगळं सांगितलं. चट्टे आले, तोंड सुजलं, श्वास लागला तर गोळी बंद आणि तडक दवाखाना. राहिलेली गोळी आठवेल तेव्हा घ्यायची, पुढच्या गोळीची वेळ झाली असेल तर सोडून द्यायची, पण दोन एकदम नाहीत. आणि पाणी भरपूर प्यायचं.

गोळ्या सुरू झाल्याच्या चौथ्या दिवशी यमुना अनुसयाबाईंबरोबर कामावर आली. ताप गेला होता, चेहरा उजळला होता. मुन्शीजींनी दोघींना आत घेतलं. हंगाम होता, हात कमी पडत होते. दुपारी जेवणाचे डबे खाताना यमुना म्हणाली, उरलेल्या गोळ्या नणंदेला द्याव्यात असं सासू म्हणते, तिला खोकला आहे.

"अब तो मैं ठीक हूँ, दीदी."

"पिछली बार भी ठीक थी ना?" अनुसयाबाई म्हणाल्या. "ये तेरे बीमारी की गोली है. तेरी ननद की नहीं. सास को बोल, दीदी ने मना किया. मेरे से झगड़ने दे."

सासू खरंच भांडायला आली, रविवारी, रेल्वेच्या क्वार्टरवर. अनुसयाबाईंनी तिला चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि गोळ्या यमुनाच संपवील असं शांतपणे सांगितलं. सुखदेव आतून म्हणाला, "काहून दुसऱ्याच्या घरात शिरून राहिली तू?" त्यावर त्या म्हणाल्या, "ती मरून गेली असती, तेव्हा कोण शिरलं असतं?" यमुनाने सातही दिवसांच्या गोळ्या पुऱ्या केल्या.

पण पाणी प्यायचं तर किल्ली हवी. सोमवारी अनुसयाबाईंनी दोन लिटरची बाटली आणली आणि मुन्शीजींच्या समोरच बसून गटागटा प्यायल्या. तासाभराने किल्ली मागितली. मुन्शीजींनी घड्याळाकडे पाहिलं. अनुसयाबाईंनीही पाहिलं, आणि हात पुढे केलेलाच ठेवला. मंगळवारी यमुनाने बाटली आणली. शनिवारपर्यंत बाराही जणी पाणी पीत होत्या आणि दर दहा मिनिटांनी कुणीतरी टेबलापाशी हात पुढे करून उभी होती. पुरुषांची मान आता खाली जाऊ लागली. शेवटी मालकानेच वैतागून मुन्शीजींना कुलूप काढायला लावलं आणि आतून कडी बसवून घेतली.

दिवाळीनंतर मंदीचं कारण सांगून एका बाईला कमी केलं. ती अनुसयाबाई असणार हे सगळ्यांना माहीत होतं. त्या मुन्शीजींना नमस्कार करून निघाल्या. मागोमाग यमुनानेही पिशवी उचलली. पुढच्या आठवड्यात दोघींना त्याच भागात, दोन रस्ते पलीकडे, वायरच्या कारखान्यात काम मिळालं. तिथे बायकांसाठी संडासच नव्हता. अनुसयाबाईंनी पहिल्याच दिवशी मालकाला भेटायला वेळ मागितली.